उताराचे पाणी, चढाचे पाणी

आमच्या घरी दिवाळीची तिथी पंचांगात पाहतात आणि अभ्यंगस्नान नळाला विचारून ठरवतात. ही थट्टा नव्हे. गेल्या काही वर्षांत आमच्या आळीला कधी पाचव्या दिवशी पाणी आले, कधी आठव्या दिवशी. नरकचतुर्दशीची पहाट आणि पाण्याची पाळी एकाच दिवशी पडली तर आई देवापुढे साखर ठेवते. नाही पडली, तर मागच्या पाळीचे पाणी पिंपात राखून ठेवायचे, अंगभर उटणे लावायचे आणि अर्ध्या बादलीत ते धुऊन काढायचे. अर्ध्या बादलीत उटणे निघत नाही, हे ज्यांनी लावले आहे त्यांना सांगायला नको. आम्ही फराळाला बसतो तेव्हा घरातल्या प्रत्येकाच्या कानामागे थोडे थोडे उटणे शिल्लक असते.

मी एका शाळेत चित्रकला शिकवते. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीआधी सहावीच्या वर्गाला मी 'पाणी' हा विषय दिला. आमच्या लहानपणी या विषयाचे चित्र ठरलेले असे: दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, खाली नदी आणि नदीत होडी. या मुलांनी काढली ती निळी पिंपे. कोणी टँकर काढला, टँकरभोवती घागरी घेतलेल्या बायका काढल्या. एका मुलीने नुसता नळ काढला आणि शेजारी भिंतीवरचे घड्याळ. काटे दोनवर होते.

"दुपारचे दोन का ग?" मी विचारले.

"नाही बाई, रात्रीचे," ती म्हणाली, आणि रंगवायची राहिलेली खिडकी तिने माझ्यासमोर काळी केली.

"हे पाणी येते कुठून?"

"पैठणहून. जायकवाडीतून."

"आणि जायकवाडीच्या आधी?"

तिने जरा विचार केला. "आधी येत नसेल, बाई."

मुलीचा दोष नाही. आपण तिला सांगितलेच नाही. जायकवाडीच्या आधी साडेतीनशे वर्षे या गावाला पाणी येत होते, आणि तेही कोणी न उपसता, न ढकलता, आपल्या पायांनी चालत येत होते. मी मॅट्रिक झालेली मास्तरीण. कादंबऱ्या लिहिते, पण इतिहासाचे पांडित्य माझ्यापाशी नाही. परंतु ज्या घरात मी वाढले त्याच्या अंगणाखालूनच हा इतिहास वाहत होता, आणि तो बुजवण्यात माझाही हात होता. 'हात' हा शब्द मी उगाच वापरला नाही. ते पुढे येईलच. तेव्हा त्या मुलीला वर्गात जे सांगायचे राहिले ते इथे सांगते.

*

खडकी हे आमच्या गावाचे जुने नाव. खडकावरचे गाव ते खडकी. नावातच पाण्याची अडचण सांगून ठेवलेली. उत्तरेला हर्सूल-सावंगीकडचे डोंगर, दक्षिणेला साताऱ्याचे डोंगर, आणि मधून खाम व सुखना या दोन लहान नद्या. पावसाळ्यात त्या दांडगाई करतात, चैत्रात त्यांच्या पात्रात पोरे क्रिकेट खेळतात. खाली काळा पाषाण. अशा जागी १६१० च्या सुमारास मलिक अंबरने निजामशाहीची राजधानी वसवली.

मलिक अंबरचे आयुष्य मी कादंबरीत लिहिले असते तर प्रकाशकाने 'अविश्वसनीय' म्हणून परत पाठवले असते. हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, १५४८ च्या सुमारास त्याचा जन्म. पोरवयातच तो गुलाम म्हणून विकला गेला. एका हातातून दुसऱ्या हातात जात बगदादला पोचला; तिथल्या धन्याने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. पुढे समुद्र ओलांडून दख्खनेत आला तो निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्या पदरी. हा चंगेजखानही मूळचा हबशीच. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला, शिपाईगिरी करू लागला, आणि १६०० मध्ये अकबराच्या फौजेने अहमदनगर घेतल्यावर मोडून पडलेली निजामशाही याच परक्या मुलखातल्या माणसाने खांद्यावर घेतली. जमिनीची प्रत पाहून धारा बसवणारा, गनिमी काव्याने मोगलांना हैराण करणारा, शहाजीराजांसारखे मराठे सरदार ज्याच्या बाजूने लढले तो हा अंबर. खडकी वसवताना त्याने मराठे सरदारांनाही जागा दिल्या. मालपुरा, खेलपुरा, विठापुरा या पुऱ्यांच्या नावांत मालोजी, खेलोजी आणि विठोजी आहेत, असे सांगतात.

मी चित्रकलेची शिक्षिका असल्याने एका चित्राचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. अंबरने जहांगीर बादशहाला इतके सतावले होते की १६१६ च्या सुमारास बादशहाने अबुल हसन या आपल्या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्याच्या टोकावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. चित्र अप्रतिम आहे. खोटे एवढेच की अंबर त्या वेळी धडधाकट जिवंत होता आणि त्यानंतर दहा वर्षे जगला.

मात्र १६१६ हे साल त्याला चांगले गेले नाही. जालन्याजवळ रोशनगावला त्याचा पराभव झाला आणि मोगली फौजेने खडकी जाळून उद्ध्वस्त केली. १६२१ मध्ये शहाजादा खुर्रमच्या, म्हणजे पुढच्या शहाजहानच्या, स्वारीत पुन्हा तीच गत झाली. आणि ज्या नहरीने या गावाला पाणी पाजले त्या नहर-ए-अंबरीचे साल साधारणपणे १६१७ धरतात. म्हणजे दोन जाळपोळींच्या मधल्या उसंतीत हा साठी-सत्तरीच्या घरातला माणूस जमिनीखाली पाण्याची वाट बांधत होता. वाडे जळतात, बाजार लुटले जातात. ते पुन्हा उभारायला माणसे परत येतात ती तिथे पाणी असेल तरच. खडकी दोनदा जळली आणि दोन्ही वेळा पुन्हा वसली.

*

नहर म्हणजे काय, हे आता नीट सांगितले पाहिजे. कारण आमच्या गावातही पुष्कळांना नहर म्हणजे उघडा पाट वाटतो. नहर जमिनीच्या वर दिसत नाही.

डोंगरावर पडलेला पाऊस सगळाच वाहून जात नाही. काही मुरतो, आणि काळ्या पाषाणाच्या वर जो मुरमाड, भेगाळ थर असतो त्यात साठून हळूहळू उताराकडे सरकत राहतो. विहीर खणली की हेच पाणी लागते. नहरीचे कारागीर विहिरीवर थांबत नसत. डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या पात्राच्या आसपास पाण्याची पातळी सापडली की ते तिच्या खाली जाऊन आडवे भुयार खोदत आणि चुन्यात दगड-विटांनी बांधून काढत. चहूबाजूंचा पाझर त्या भुयारात उतरे. मग त्या भुयाराला गावाच्या दिशेने बेताचा उतार द्यायचा. उतार जास्त झाला तर पाण्याच्या वेगाने बांधकाम खणले जाते. कमी झाला तर गाळ बसतो. आमच्या गावाची जमीन उत्तरेकडून दक्षिणेला उतरत जाते. अंबरने ती जमीन वाचली आणि उत्तरेच्या डोंगरापाशी सुरुवात केली. बाकी सगळे काम उताराने केले.

ठराविक अंतरावर भुयारातून वर जमिनीपर्यंत उभी तोंडे काढलेली असत. पुण्याकडे त्यांना उच्छ्वास म्हणतात. त्यांतून हवा खेळे, पाण्याचा दाब मोकळा होई, आणि गाळ, झाडांच्या मुळ्या काढायला माणूस खाली उतरे. गावात शिरल्यावर हे पाणी चुन्यात बसवलेल्या खापरी नळांतून फिरे. मध्येच उंच मनोऱ्यात चढून पुन्हा खाली उतरे, म्हणजे दाबाने नळ फुटत नसत. नळात कोंडलेले पाणी जितक्या उंचीवरून येते जवळजवळ तितके वर चढू शकते, हा सृष्टीचा साधा नियम. त्यासाठी इंजिन लागत नाही. शेवटी पाणी हौदांत पडे, आणि हौदावर गाव भरे.

दरबारातल्या एका शहाण्याने या कल्पनेची टिंगल केली होती, आणि अंबरने पंधरा महिन्यांत, अडीच लाख रुपयांत काम पुरे करून दाखवले, अशी हकीकत आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. टिंगल करणारा शहाणा प्रत्येक पाणीयोजनेला मिळतो. पंधरा महिने मात्र पुन्हा कोणाला जमले नाहीत.

ही विद्या अंबरने आकाशातून आणली नव्हती. इराणात तिला कनात म्हणतात. बहामनी काळात ती बीदरला आली. तिथे तिला कारेझ म्हणतात. बऱ्हाणपूरला अब्दुर्रहीम खानखानाच्या वेळी, १६१५ च्या सुमारास, अशीच योजना झाली. आणि अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हे तर निजामशाहीचे माहेर. तिथे कापूरवाडी, वडगाव अशा ठिकाणांहून आणलेल्या नहरी अंबरने उमेदीच्या वयात रोज पाहिल्या असणार. पुढे १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचे पाणी पुण्यात आणले तेही याच जातीचे. पुण्याची माणसे कात्रजच्या नळाविषयी अभिमानाने बोलतात. आम्ही आमच्या नहरीविषयी बोलत नाही, एवढाच फरक.

*

१६२६ मध्ये अंबर वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. त्याचा मुलगा फत्तेखान याने गावाला फत्तेनगर म्हटले. १६३३ मध्ये दौलताबाद पडले आणि मुलूख मोगलांकडे गेला. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला तेव्हा गाव औरंगाबाद झाले. २०२३ मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झाले. नावे बदलली, राज्ये बदलली. पण कोणत्याही राज्यकर्त्याला पहिल्या दिवसापासून पाणी लागतेच. मोगलांनी अंबरच्या राज्याशी हाडवैर केले, परंतु त्याची नहर मोडली नाही. उलट तिच्यासारख्या आणखी बांधल्या. वस्ती वाढेल तशा नवनव्या नहरी आल्या: थत्ते नहर, बेगमपुऱ्याची, पळशीची, गारखेड्याची, पाणचक्कीची. बारा-चौदा नहरींची नावे जुने लोक मोजून दाखवतात.

त्यांतली पाणचक्की बहुतेकांनी सहलीत पाहिली असेल. खामच्या काठी, महमूद दरवाजाच्या अंगाला, बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. बाबा बुखाऱ्याकडून आलेले सूफी साधू. त्यांच्या स्थानाशी कोसांवरच्या डोंगरातून नळाने पाणी आणले आणि उंच भिंतीवरून हौदात पाडले. त्या धारेने खालची चक्की फिरे आणि फकीर, वाटसरू, अनाथ यांच्यासाठी धान्य दळले जाई. त्या भल्या थोरल्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत. भर वैशाखात त्या दालनात जाऊन बसा. डोक्यावर पाणी आहे हे अंगाला कळते. लहानपणी आम्ही पोरे ती धार पाहून विचारायचो, "वर पाणी कोण ओतते?" दादा, म्हणजे माझे वडील, डोंगराकडे बोट दाखवत. ते आम्हाला खरे वाटत नसे. आता त्याच भिंतीवरून उन्हाळ्यात धार पडत नाही, हेही मी पाहिले आहे.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. नहरीचे पाणी गावाला आले याचा अर्थ ते गावातल्या प्रत्येकाला सारखे आले असा नाही. १९३४ मध्ये डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर वेरूळला जाताना सहकाऱ्यांसह दौलताबादच्या किल्ल्यावर आले होते. आमच्या गावापासून ही जागा चार-पाच कोसांवर. धुळीने भरलेले तोंड-पाय त्यांच्यापैकी काहींनी दारापाशी असलेल्या टाक्याच्या पाण्याने धुतले, तेवढ्यावरून टाके बाटवले म्हणून गलका झाला. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. त्याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये आमच्या गावात मिलिंद महाविद्यालय काढले आणि सगळ्या मराठवाड्याची मुले तिथे शिकायला आली. पाणी डोंगरातून आणणारा कारागीर थोर. पण हौदावर कोण हात घालील हे ठरवणारी माणसे वेगळी असतात, आणि त्यांना कोणताही उतार लागू पडत नाही.

*

१७६३ मध्ये निजामाने राजधानी हैदराबादला नेली. वस्ती ओसरली, पुरे पडले, त्याबरोबर नहरींची देखभालही मंदावली. नहर काही आपोआप टिकत नाही. दर साल कोणीतरी त्या तोंडांतून खाली उतरून गाळ काढावा लागतो. तरीही त्या पाझरत राहिल्या. माझी आजी लग्न होऊन या घरात आली तेव्हा, मराठवाडा हैदराबाद संस्थानातून सुटला त्या सुमाराला, जुन्या गावातल्या आमच्या अंगणात नहरीचे एक तोंड होते. घरात त्याला दुसरे नाव नव्हते. 'नहरीपाशी खेळू नका', 'नहरीवर पाट टाकून ठेवा' असे बोलणे चाले. संध्याकाळी दिवा लावताना आजी मला जवळ घेऊन त्या फळीला कान लावायला लावी.

"ऐक बरं. चाललंय ना?"

"चाललंय," मी म्हणत असे. आत खूप खोल, कोणी झोपेत पुटपुटावे तसा आवाज येई.

"मग झालं," आजी म्हणे, आणि पणती तिथे ठेवून आत जाई.

माझ्या वयाच्या बाराव्या वर्षी आमच्या अंगणात मोरी बांधायची ठरली. जायकवाडीहून गावाला मोठा नवा नळ येणार होता. आता घरात चोवीस तास पाणी, असे जो तो म्हणत होता. गवंड्याने विचारले, "नहरीचे तोंड ठेवायचे का?" दादांनी क्षणभरही विचार केला नाही. "कशाला? पोरे पडतात. बुजवा." आजी दारात उभी होती. ती काही बोलली नाही. लोखंडी सळया टाकल्या, काँक्रीट ओतले. ओल्या सिमेंटवर हात उमटवायचा मोह कोणत्या पोराला आवरतो? मी माझा उजवा पंजा त्यात दाबला. पुष्कळ वर्षे मोरीच्या कोपऱ्यात, धुण्याच्या दगडाशेजारी, तो पंजा दिसत होता.

दादांना मी दोष देत नाही. गावातल्या शेकडो घरांनी तेच केले. कोणी तोंडावर जिना बांधला, कोणी दुकान काढले. नळ आला की विहीर विसरायची आणि विहीर आली की ओढा विसरायचा, ही आपली रीत आहे.

*

आता चढाच्या पाण्याची गोष्ट.

१९६५ च्या ऑक्टोबरात पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते पैठणजवळ जायकवाडी धरणाचा पाया घातला गेला आणि १९७६ च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधींच्या हस्ते ते खुले झाले. मध्ये १९७२ चा दुष्काळ होऊन गेला. ज्यांनी तो पाहिला त्यांना धरणाचे महत्त्व सांगावे लागत नाही. नाथसागर पूर्ण भरला तर त्यात १०२ टीएमसी पाणी मावते. त्याने मराठवाड्याची शेती भिजवली, गावांना पाणी दिले, चिकलठाणा आणि वाळूजचे कारखाने चालवले. जायकवाडी नसते तर आमचे गाव आज जेवढे आहे त्याच्या पावपट राहिले असते. नहरींनी या वस्तीला पाणी पुरवले नसते, हे मला कळते. तेव्हा मी जुन्याचे पोवाडे गायला बसलेली नाही.

पण एक साधा हिशेब करून पाहा. नाथसागर काठोकाठ भरतो तेव्हा त्याची पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट असते. आमचे गाव साडेअठराशे फुटांच्या आसपास. म्हणजे गावाला लागणारा पाण्याचा प्रत्येक थेंब तीनशे फुटांहून अधिक वर उचलायचा, आणि तोही कितीतरी कोस लांबून. धरणावर पंप, वाटेत पंप, फारोळ्याला शुद्धीकरण, मग नक्षत्रवाडीच्या टेकडीवरच्या टाकीत. तिथून मात्र पाणी गावात उतरते. शेवटी आजच्या इंजिनिअरलाही उतारच लागतो; फरक इतकाच की अंबरला डोंगराने तो फुकट दिला आणि आपण विजेचे बिल भरून तो विकत घेतो. वीज गेली की पाणी थांबले. जुना नळ फुटला की पाणी थांबले. दोन दिवस थांबले की पाळ्यांचे वेळापत्रक कोसळते आणि माझ्या वर्गातल्या त्या मुलीच्या आईला रात्री दोनला उठावे लागते.

उताराच्या पाण्याला भांडणे नव्हती असे नाही, पण चढाच्या पाण्याला भांडणे फार. जायकवाडी भरते ती नाशिक-नगरकडच्या धरणांखाली काही उरले तर. वरच्यांनी खालच्यांसाठी किती सोडावे, याचा वाद न्यायालयात गेला. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आले आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. त्याच २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, आणि आमच्याकडे खंडपीठाने मद्याच्या कारखान्यांचे पाणी निम्म्याहून खाली आणले. त्याआधी २०१४ मध्ये गावाचा पाणीपुरवठा एका खाजगी कंपनीकडे सोपवून पाहिला. २०१६ मध्ये महापालिकेने तो करार मोडला. २०२० च्या डिसेंबरात १६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेचा नारळ फुटला. त्यातला मुख्य नळ अडीच मीटर व्यासाचा. माणूस आतून ताठ चालत जाईल एवढा. पुढे खर्च सत्तावीसशे कोटींच्या वर गेला आणि कामाच्या तारखा न्यायालयाला विचाराव्या लागल्या.

*

पाणी आणणे हा हिशेबाचा अर्धा भाग. आलेले पाणी मळून घराबाहेर जाते, त्याचे काय, हा दुसरा अर्धा. नहरींच्या थोरवीत याचा उल्लेख कोणी करत नाही. जुन्या गावात मैला नेला जाई तो माणसांच्या डोक्यावरून, आणि ती माणसे कोणत्या जातींची होती ते आपण जाणतो. त्या प्रथेवर कायद्याने बंदी आली ती १९९३ मध्ये, आणि तेवढ्याने भागले नाही म्हणून २०१३ मध्ये पुन्हा कायदा करावा लागला. मागच्या बोळात उघडणारी लोखंडी झडप आमच्या घरालाही होती. अंबरच्या कारागिरीची स्तुती करताना मला ती झडपही आठवते.

भूमिगत गटारे आली. कांचनवाडीला मैलापाणी शुद्ध करण्याचे मोठे केंद्र झाले. पण गटार हीसुद्धा एक नहरच आहे. तीही उताराने चालते आणि तिलाही वाहते पाणी लागते. आठ दिवसांनी नळ येणाऱ्या घरात बाई तेच पाणी तीनदा वापरते: भाजी धुतलेले भांड्यांना, भांड्यांचे फरशीला. गटारीत पोचते ती नुसती घट्ट राबडी. ती वाहत नाही, बसते, तुंबते, आणि मग वाट फुटेल तिकडे जाते. ती वाट बहुधा खामकडे जाते.

आणि खाम कुठे जाते? हा प्रश्न मी वर्गात फळ्यावर नकाशा काढताना स्वतःलाच विचारला आणि खडू हातात तसाच राहिला. खाम वाळूजवरून जाऊन नाथसागराच्या पाण्यात उतरते. म्हणजे आपली घाण आपण उताराने फुकट खाली पाठवतो, आणि तेच तळे चढावरून पैसे मोजून परत घरी आणतो. अलीकडे खामचे पात्र साफ करण्याचे, काठ बांधण्याचे चांगले काम झाले आहे. ते मी पाहिले आहे आणि मुलांना नेऊन दाखवलेही आहे. पण नदीचे पात्र साफ करणे आणि नदीत घाण न सोडणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम आपल्या मोरीपासून सुरू होते.

*

गेल्या उन्हाळ्यात आमची मोरी गळू लागली म्हणून फरशी उकलली. आजी आणि दादा आता नाहीत. गवंडीचाचांना मी म्हणाले, "हा कोपरा जपून. खाली नहर आहे." त्यांनी पहारीने काँक्रीट फोडले. माझा पंजा असलेला तुकडा अखंड निघाला. मी तो बाजूला ठेवला. मग आम्ही दोघे वाकून आत पाहू लागलो. दगडी बांधकाम जसेच्या तसे होते. एकही चिरा हललेला नव्हता. मी सवयीने कान लावला.

आवाज आला नाही. वास आला.

चाचांनी दिवा खाली सोडला. काळा चिखल चकाकत होता. "देखो बाई," ते म्हणाले, "इसमें किसीने गटार छोडेला है."

कोणी सोडले ते शोधायला मी वरच्या अंगाच्या चार घरांत विचारत गेले. तिसऱ्या घरी कळले. त्यांनीही ते तोंड कोणाच्या तरी सांगण्यावरून, 'पाणी जिरते बघा इथे' म्हणून वापरले होते. माणसे वाईट नव्हती. खाली काय आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते. बरोबर माझ्या त्या मुलीसारखेच: आधी काही येत नसेल. मी त्यांना आजीची गोष्ट सांगितली. त्यांच्या घरची म्हातारी आतून म्हणाली, "आमच्याकडेही ऐकू यायचं." महिन्याभरात त्यांनी आपला नळ गटारीला जोडून घेतला. तेवढ्याने नहर वाहू लागली नाही. वरच्या अंगाला अजून किती तोंडे कोणी कशाने भरली आहेत, याचा नकाशा माझ्या एकटीने काढून होण्यासारखा नाही.

पण काँक्रीट मी पुन्हा ओतू दिले नाही. लोहाराकडून बिजागरीचे लोखंडी झाकण करून घेतले. दिवाळीनंतर शाळा उघडली की सहावीच्या मुलांना घेऊन यायचे ठरवले आहे. प्रत्येकाच्या हातात कागद देणार आहे. ज्याच्या त्याच्या घरी, जुन्या गावात आजी-आजोबांच्या घरी असे तोंड आहे का, ते विचारून गावाच्या नकाशावर टिंबे काढायची. टिंबे जोडली की रेघ होईल, आणि ती रेघ उत्तरेच्या डोंगराला जाऊन मिळेल, हे मला ठाऊक आहे. पण ते त्यांना त्यांच्या हातांनी सापडू दे.

यंदा पाण्याची पाळी नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी येते आहे, असे आई हिशेब करून सांगते. पिंप धुऊन ठेवले आहे. संध्याकाळी मी झाकण उघडून पाहते. चिखल वाळत चालला आहे, वास कमी झाला आहे. अजून काही ऐकू येत नाही. तरी आजी ठेवायची तिथे पणती ठेवते.